कारवारचे सुरवंट आणि फुलपाखरांची मोजदाद

पश्चिम भारतातील फुलपाखरांची पद्धतशीर नोंद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत सुरू झाली. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासह आठ संस्थापकांत कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. मुंबई व दख्खनमधील फुलपाखरे आणि पतंग यांवरचा त्यांचा लेख 1885 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सोसायटीचे नियतकालिक निघू लागले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी निरीक्षकांना टिपणे छापण्याची हक्काची जागा मिळाली.

या टिपणांत सर्वांत मोलाचे काम उत्तर कानडा जिल्ह्यात झाले. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मुलकी खात्यातले जेम्स डेव्हिडसन, जकात आणि मिठाच्या खात्यातले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन आणि वनखात्यातले टी. आर. बेल असे तिघे कारवारला जमले. एटकेन साताऱ्यात जन्मलेले; पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकवले होते. जिल्ह्यातील फुलपाखरांवरची तिघांची लेखमाला 1896 पासून सोसायटीच्या नियतकालिकात आली.

तोवरचा बहुतेक अभ्यास टाचणीला टोचलेल्या पंखांवर चालत असे. या मंडळींनी अंडी आणि सुरवंट शोधून आणले, ज्या झाडावर सापडले त्याचीच पाने त्यांना घातली आणि कोशातून काय बाहेर पडते ते पाहिले. एपफ्लाय या लहानशा फुलपाखराचा सुरवंट पाने खातच नाही, पिठ्या ढेकणांवर जगतो. त्याचा कोश समोरून पाहिला तर हुबेहूब माकडाचे तोंड! एटकेन यांनी 1894 मध्ये त्याच्यावर स्वतंत्र टिपण लिहिले. बेल यांनी तर नोकरी संपल्यावरही कारवार सोडले नाही. 1948 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिथेच राहिले.

या कामाचे महत्त्व संरक्षणाच्या दृष्टीने आज अधिक कळते. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांवर मध पिते, सुरवंटाची झाडे मात्र ठरलेली असतात. ईश्वरीची वेल आणि तिच्या जातीच्या वेली तोडल्या की सदर्न बर्डविंगच्या सुरवंटाला खायला काही उरत नाही. कोणते झाड राखायचे, हे सांगणारी माहिती कारवारच्या नोंदींत आहे. उणीव एकच, पण मोठी: जाती कोणत्या हे त्यांतून कळते, किती होत्या हे मोजलेले नाही. त्यामुळे शंभर वर्षांत घट किती झाली, हे त्यांवरून ठरवता येत नाही. पुढे इव्हान्स (1927) आणि विंटर-ब्लाइथ (1957) यांची पुस्तके आली. त्यांनी ओळख पटवणे सोपे केले, मोजणीचा प्रश्न तसाच राहिला.

तो इंग्लंडमध्ये सुटला. अर्नी पोलार्ड यांनी मंक्स वुड येथे 1970 च्या दशकात साधी रीत बसवली. ठरलेल्या वाटेने, अनुकूल हवेत, एका चालीने चालायचे आणि साधारण पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजायची. जाळे जवळजवळ लागतच नाही. 1976 पासून ब्रिटनमध्ये ही मोजणी देशभर सुरू आहे. अशा पद्धतशीर मोजणीचा उपयोग उत्तर सह्याद्रीतही झाला. कृष्णमेघ कुंटे यांनी चार अधिवासांतील फुलपाखरांच्या हंगामी चढउतारांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला.

मोजणीअभावी कायद्याची यादीही फसते. घोळीच्या भाजीवर वाढणारे डॅनेड एगफ्लाय पावसाळ्यात बांधावर सहज दिसते. तरीही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते बराच काळ वाघाच्या पंक्तीला होते.

2015 मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे हे पहिले राज्य. 2020 पासून सप्टेंबरात देशभर हौशी लोक फुलपाखरांच्या नोंदी करू लागले. त्यातून जातींचा पसारा छान कळतो. वाढ-घट सांगायला मात्र त्याच वाटेवर, वर्षानुवर्षे केलेली मोजणीच लागते.