एक डबी, दोन नियम

चिंगी ही अकरा वर्षांची डॅशहुंड. वजन नऊ किलो, मुक्काम पुण्यात, आजोबा, आजी आणि नातीच्या घरी. ती आणि तिचा हा दिवस मी रचला आहे. त्यातली औषधं, आकडे आणि शरीराचं वागणं मात्र खरं आहे. चिंगीला आहे तो कुशिंगचा आजार एकटा असला तर पुष्कळदा आटोक्यात राहतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत तो एकटा फारसा सापडत नाही, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

पाच आठवडे आधी

चिंगीच्या मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत, बारीक गाठ आहे. कुशिंग झालेल्या शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत मूळ तिथेच असतं. (माणसांमधल्या या आजाराचा संबंध पिट्युटरीशी जोडणारे हार्वे कुशिंग हे अमेरिकन मेंदूशल्यविशारद होते, त्यांचा तो निबंध १९३२ सालचा.) ही गाठ मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींना सतत हुकूम सोडते आणि त्या गरज नसताना कॉर्टिसोल नावाचं हार्मोन तयार करत राहतात. म्हणून चिंगी दिवसभर पाणी प्यायची, रात्री तीनतीनदा बाहेर न्यावी लागायची, पोट लोंबलं होतं, अंगावरचे केस विरळ झाले होते. भूक तर अशी की परातीतला कणकेचा गोळा पळवायची.

निदान झाल्यावर ट्रायलोस्टेन सुरू झालं. १० मिलिग्रॅमची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, जेवणासोबत. कॉर्टिसोल बनवणारं एक एन्झाइम हे औषध अडवतं. अमेरिकेत कुत्र्यांसाठी त्याला २००८ साली मान्यता मिळाली आणि तेव्हापासून कुशिंगवर सगळ्यात जास्त भिस्त त्याच्यावरच आहे.

पण घरात औषधं आधीपासून होती. चिंगीच्या हृदयाची डावीकडची झडप झिजून गळते आहे. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांचं हे नेहमीचं दुखणं. पावसाळ्यात फुप्फुसात पाणी भरलं होतं. तेव्हापासून पिमोबेन्डान, फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन. चारही रास्त. हृदयाच्या डॉक्टरांनी आजोबांना बजावलं होतं, एकही गोळी चुकवायची नाही.

बाराव्या दिवशीच्या तपासणीत कॉर्टिसोल थोडं जास्तच निघालं. तरी कुशिंग बघणाऱ्या डॉक्टर मॅडमनी डोस वाढवला नाही, आणि तेच बरोबर होतं. पहिल्या महिन्याभरात तेवढाच डोस कॉर्टिसोल आणखी खाली नेत राहतो. पुढची तपासणी चौथ्या आठवड्यात, पोटॅशियमही त्याच रक्तात बघायचं. पण त्या तपासणीसाठी टोचावं लागणारं हार्मोनचं इंजेक्शन महाग, आणि हवं तेव्हा हाताशी मिळेल असं नाही. औषधवाला म्हणाला, दिवाळी झाल्यावर. पुण्यात ऑक्टोबरमध्ये सगळीच कामं दिवाळी झाल्यावर होतात.

सोळा तास आधी : लक्ष्मीपूजन, सकाळी ७

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. डबी सात वारांची, प्रत्येक वाराला सकाळ-संध्याकाळचे खण, रविवारी रात्री भरून ठेवलेली. पिमोबेन्डान उपाशीपोटी लागतं म्हणून ते सहालाच दिलं. सातला कोंबडी-भाताची वाटी.

चिंगीने निम्मी खाल्ली आणि बाजूला झाली.

"बघा, हावरटपणा गेला की नाही?" आजी खूश. "औषध लागू पडलं."

आजोबांनी जबडा उघडून उरलेल्या गोळ्या आणि कॅप्सूल घशात टाकली, तोंड मिटून धरलं, गळा चोळला. कुठल्याही चांगल्या मालकाने हेच केलं असतं.

ट्रायलोस्टेन नीट लागू पडतं तेव्हा तहान आणि भूक कमी होते. ते जास्त होतं तेव्हाही सुरुवात भूक कमी होण्यानेच होते. फरक एवढाच की बरं होणारं कुत्रं हावरटपणा सोडतं, वाटी सोडत नाही. जेमतेम महिन्याभरापूर्वी कणीक चोरणाऱ्या कुत्रीने कोंबडी ठेवली, यावर खरं तर घरात शांतता पसरायला हवी होती.

तेरा तास आधी : सकाळी १०

अंगणातून पायरी चढेना. मागचे पाय ताठ. यालाही खरं कारण होतं. कॉर्टिसोल दाह दाबतं, म्हणून कुशिंगच्या कुत्र्याचा संधिवात झाकलेला असतो. उपचाराने कॉर्टिसोल उतरलं की सांधे बोलू लागतात. हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे सुस्ती आणि अशक्तपणा दोन्ही त्या खात्यात जमा झालं.

फराळाचं ताट घेऊन आलेल्या शेजारच्या वहिनींनी स्वतःची गुडघेदुखीची अर्धी गोळी देऊ केली. डायक्लोफेनॅक. आजींनी नको म्हटलं, आणि त्या दिवसातला हा एक निर्णय निखालस बरोबर होता. माणसांचं हे औषध कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक. एनालाप्रिल आणि फ्युरोसेमाइडच्या जोडीला तर मूत्रपिंडांना सुटका नाही. याच औषधामुळे भारतातली गिधाडं जवळजवळ संपली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. घरातल्या औषधांच्या डब्यात मात्र ते असतंच.

अकरा तास आधी : दुपारी १२

पिवळा फेस ओकली. कॅप्सूल देऊन पाच तास झालेले, म्हणजे औषधाचा जोर माथ्यावर.

आजींनी शहाळं फोडलं. ओकारी झाली की शहाळ्याचं पाणी, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. चिंगी नीट जेवली नव्हती, पण नात चमच्याने पाजत गेली आणि वाटीभर पोटात गेलं.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी कुत्र्याचं त्याने काही बिघडत नाही. ॲल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन मूत्रपिंडांकडून जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतं आणि सोडियम राखून ठेवतं. चिंगीच्या शरीरात या ॲल्डोस्टेरॉनचं काय झालं होतं बघा. ते तयार होतं ॲड्रिनलमध्ये, आणि ट्रायलोस्टेन तिथे कॉर्टिसोलबरोबर थोडं त्यालाही अडवतं. ते तयार करण्याचा निरोप ज्या मार्गाने जातो तो मार्ग एनालाप्रिल अडवतं. आणि जे काही तयार होऊन मूत्रपिंडापर्यंत पोचतं त्याचं काम स्पायरोनोलॅक्टोन होऊ देत नाही. एकाच नळाची तोटी तिघांनी तीन ठिकाणी आवळली होती. फ्युरोसेमाइड पोटॅशियम बाहेर टाकतं खरं, पण त्याबरोबर पाणी आणि सोडियमही. ओकणाऱ्या, न पिणाऱ्या कुत्रीत ते आणखी कोरड आणतं. मूत्रपिंडांना रक्त कमी पडलं की पोटॅशियम काढायचं काम तिथेही मंदावतं.

एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ट्रायलोस्टेन देताना जपा, असा इशारा औषधासोबतच्या माहितीपत्रकात असतो. मॅडमना तो माहीत होता; म्हणूनच तर पोटॅशियमची तपासणी लिहिली होती. तरी या औषधांचा मेळ घातल्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण हृदयाचं दुखणंही थांबायला तयार नसतं.

आठ तास आधी : दुपारी ३

आजोबांनी झोपलेल्या चिंगीच्या छातीकडे बघत श्वास मोजले. मिनिटाला चोवीस. वहीत लिहिले. झोपेतले श्वास तिसाच्या वर चढू लागले तर फुप्फुसात पाणी भरतंय असं समजायचं, हे त्यांना पावसाळ्यात शिकवलं होतं, आणि तेव्हापासून वहीत एकही खाडा नाही. चोवीस म्हणजे उत्तम. त्यांची काळजी इथेच मिटली. ते डोळ्यांत तेल घालून एका आजारावर पहारा देत होते आणि दुसरा मागच्या दाराने आला.

पाण्याचं भांडं सकाळी भरलं तेवढंच होतं. त्याची वही नव्हती.

सहा तास आधी : संध्याकाळी ५

दुसरी ओकारी, पातळ शी. नात म्हणाली, "आबा, मॅडमना फोन करू या ना." फोन बंद. दवाखान्याच्या नंबरावर संदेश पाठवला. पूजेची मांडामांड चालू होती.

साडेचार तास आधी : साडेसहा

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहाची वेळ ठरवून दिली. गल्लीने ती साडेसहालाच सुरू केली. आदल्या दिवशी, नरकचतुर्दशीच्या पहाटेपासूनच चिंगी पलंगाखाली होती.

भीतीच्या वेळी शरीर कॉर्टिसोल वाढवतं. रक्तदाब टिकवायला, साखर टिकवायला ते लागतंच. कुशिंग म्हणजे कॉर्टिसोलचा अतिरेक, म्हणून आपण ते शत्रूच्या यादीत टाकतो; पण ते शून्यावर आणायचं नसतं, आणि संकटात तर नेहमीपेक्षा जास्त लागतं. चिंगीच्या ग्रंथी मागणी आल्यावरही वाढवून देण्याच्या अवस्थेत नव्हत्या. दोन दिवस सुतळी बॉम्ब मागत होते आणि आतून उत्तर येत नव्हतं.

तीन तास आधी : रात्री ८

पूजा झाली. आजोबांनी डबीचा संध्याकाळचा खण उघडला.

या खणात दोन नियम शेजारी शेजारी होते. हृदयाच्या गोळ्यांचा नियम, चुकवायच्या नाहीत. ट्रायलोस्टेनचा नियम नेमका उलटा: कुत्रं खात नसेल, ओकत असेल, मलूल असेल तर द्यायचं नाही आणि डॉक्टरांशी बोलायचं. एक दिवस ट्रायलोस्टेन चुकलं तर काय होतं? फार तर कुत्रं जास्त पाणी पितं. हेही मॅडमनी सांगितलं होतं. कागदावर खाली, इतर सहा सूचनांबरोबर. पण डबीत पडल्यावर कॅप्सूल आणि गोळ्या सारख्याच दिसतात, आणि जन्मभर हिशेब जुळवलेल्या माणसाला रिकामा न झालेला खण सहन होत नाही.

"अहो, खाल्लं नाहीये तिने काही," आजी म्हणाल्या.

"म्हणूनच तर. औषध तरी जाऊ दे पोटात."

कॅप्सूल पेढ्यात घातली. चिंगीने पेढा नाकारला. आजोबांनी पुन्हा जबडा उघडला. पाठोपाठ एनालाप्रिल, फ्युरोसेमाइड.

मला आजोबांना दोष देता येत नाही. पाच औषधं, दोन डॉक्टर, एक उपाशीपोटी, एक भरल्यापोटी, आणि "काही झालं तरी द्या" हे वाक्य पावसाळ्यातल्या त्या भयानक रात्रीनंतर ऐकलेलं. भीतीने शिकलेला नियम कागदावरच्या नियमाला हरवतो.

एक तास आधी : रात्री १०

थरथरत होती. फटाक्यांना घाबरली असेल. अंग गार लागत होतं. नातीने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता शांत झालीये. हळू चाललंय बघ."

घाबरलेल्या छोट्या कुत्र्याचं हृदय हळू चालत नाही. कोरड पडलेल्या, रक्तदाब घसरलेल्या कुत्र्याचं तर नाहीच. ते मिनिटाला दीडशेच्या पुढे धावायला हवं. पोटॅशियम चढलं की मात्र हृदयातल्या विजेचा प्रवास मंदावतो. साध्या हाताला कळण्यासारखी ही एकच खूण होती आणि तिचा अर्थ उलटा लागला.

रात्री ११

उठायला गेली आणि कुशीवर पडली. हिरड्या पांढुरक्या, डोळे उघडे. रिक्षा मिळेना, शेजारच्या मुलाने गाडी काढली.

११.४०

रात्रभर उघडा असलेला दवाखाना. हृदयाचे ठोके ५२. तापमान ३६.८, कुत्र्याचं ३८ ते ३९ हवं. सोडियम १२८, पोटॅशियम ८. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं: सोळा. सत्तावीसच्या वर असायला हवं. ईसीजीत पी लहरी नाहीशा, टी लहरी टोकदार.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने औषधांची यादी विचारली तेव्हा आजोबांनी डबीच पुढे केली. त्याने कॅप्सूल उचलून बघितली आणि विचारलं, "हे शेवटचं कधी?"

"आठला."

आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, अगदी सावकाश, नजर ईसीजीवर. त्याने पोटॅशियम उतरत नाही. हृदयाला वीसेक मिनिटं उसंत मिळते. तेवढ्यात ग्लुकोज आणि इन्शुलिन, पोटॅशियम पेशींत ढकलायला. कॉर्टिसोलसाठी रक्त काढून ठेवलं आणि मग डेक्सामेथासोन, कारण प्रेडनिसोलोन त्या तपासणीत कॉर्टिसोलच्या वेशात मोजलं जातं.

मग सलाइन. या संकटावरचा खरा उपचार तोच, आणि एरवी तो सढळ हाताने करतात. इथे झडप गळत होती. कमी दिलं तर मूत्रपिंडं पोटॅशियम काढणार नाहीत, जास्त दिलं तर फुप्फुसं भरतील. डॉक्टरने एकेक छोटी पिचकारीभर मात्रा सोडली, दर वेळी छातीला स्टेथोस्कोप लावला, श्वास मोजले. आजोबाही काचेपलीकडून मोजत होते. या वेळी दोघांना एकच आकडा कामाचा होता.

पाडवा, पहाटे ५

ठोके ११२. पोटॅशियम ६.१. श्वास ३४, म्हणून सलाइनचा वेग आणखी उतरवला. लघवी झाली. डॉक्टरने नोंद करताना त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

पाडवा, संध्याकाळ

मॅडम फोनवर आल्या. पिमोबेन्डान लगेच सुरू. फ्युरोसेमाइड श्वास बघून. एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम ताळ्यावर आल्याशिवाय नाही, आणि दोन्ही एकदम तर नाहीच. काही दिवस प्रेडनिसोलोनचा छोटा डोस. ट्रायलोस्टेन निदान आठवडाभर बंद. बहुतेक कुत्र्यांच्या ग्रंथी तेवढ्यात जाग्या होतात, क्वचित कायमच्या निकामी होतात, आणि ते तपासणीशिवाय कळणार नाही.

"मग कुशिंगचं काय?" आजोबांनी विचारलं.

"येऊ दे परत. कणीक चोरायला लागली की मला कळवा. मग तपासू आणि कमी डोसवर सुरू करू." मॅडम थांबल्या. "आणि ती कॅप्सूल डबीत भरायची नाही. बाटलीतच ठेवायची. तिने वाटी चाटूनपुसून संपवली की मगच झाकण उघडायचं."