‘लाल’ भाषेचे कूळ कोणते?

मध्य आफ्रिकेतील चाड या देशाच्या दक्षिण भागात, शारी नदीच्या परिसरात गोरी आणि दामतार ही गावे आहेत. तेथील भाषेचे नाव ‘लाल’. मराठीतील लाल रंगाशी या नावाचा काहीही संबंध नाही. २००० सालाच्या सुमारास ही भाषा बोलणारे जेमतेम साडेसातशे लोक होते. तरीही भाषाशास्त्रज्ञांना या भाषेने कोड्यात टाकले आहे.

अमेरिकी अभ्यासक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये आफ्रिकेतील भाषांची चार कुळांत विभागणी केली. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. मात्र ‘लाल’ला अद्याप कोणतेही कूळ निश्चितपणे लाभलेले नाही. १९७०च्या दशकात फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ पास्काल ब्वायेलद्यू यांनी तिची पद्धतशीर नोंद केली. २०१० नंतर फ्लोरियाँ लिओने यांनी तिचा नव्याने अभ्यास केला.

अडचण शब्दसंग्रहात आहे. ‘लाल’मधील काही शब्द शेजारच्या बुआ गटातील भाषांशी, तर काही चाडिक भाषांशी जुळतात. पण शब्द जुळले म्हणजे नाते सिद्ध होत नाही. मराठीत कानडी, फारसी, पोर्तुगीज शब्द विपुल असूनही ती आर्यभाषाच ठरते. कारण तिची सर्वनामे, संख्यावाचक शब्द आणि क्रियापदांची घडण संस्कृत-प्राकृताशी नियमित ध्वनिबदलांनी जोडलेली आहे. असे नियमित साम्य ‘लाल’ आणि अन्य कोणत्याही भाषेत समाधानकारकरीत्या दाखविता आलेले नाही. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’सारखा भेद ‘लाल’मध्येही आहे, पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंगही आहे, परंतु अशी वैशिष्ट्ये जगात स्वतंत्रपणे अनेक ठिकाणी आढळत असल्याने तीही पुरावा ठरत नाहीत. त्यामुळे बहुतेक अभ्यासक तिला ‘एकाकी भाषा’ मानतात.

ती खरोखरच एकाकी असेल, तर आजची मोठी भाषाकुळे या प्रदेशात पसरण्यापूर्वीच्या एखाद्या भाषिक वारशाचा ती अवशेष असू शकते. हे पडताळण्यासाठी तिच्या जवळच्या बोलींची तुलना मोलाची ठरली असती. दामतार गावाची पूर्वी ‘लाबे’ नावाची स्वतंत्र बोली होती, असे सांगितले जाते. १९७७ मध्ये ती जाणणारे दोन-तीन जणच उरले होते; तिची जागा गोरीच्या बोलीने घेतली. कुळाचा शोध लागायचा असेल, तर आता सारी भिस्त उरलेल्या काही शे भाषकांवर आणि त्यांच्याकडून होणाऱ्या नोंदींवर आहे.