पाते उघडते कसे, झिजते कुठे?

घडीचा चाकू ही तशी अगदी साधी वस्तू. एक पाते, एक मूठ आणि दोघांना जोडणारी एक खीळ. बोरूने लिहिण्याच्या काळात कलमदानाजवळ असा लहानसा चाकू लागायचाच. फारसीतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्द त्यासाठी जुन्या मराठीत वापरला जाई. इंग्रजीतही या चाकूला पिसाच्या लेखणीवरूनच नाव पडले. पुढे लेखणी गेली, पेन्सिलीला शार्पनर मिळाला आणि चाकू दप्तरातून बाहेर पडला.

पण यंत्रशास्त्रातला एक मोठा प्रश्न या छोट्या वस्तूत दडलेला आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की झीज होणारच. मग ती कुठे होऊ द्यायची? चाकू उघडण्याची रीत इतिहासात अनेकदा बदलली. प्रत्येक बदलात काही सोय झाली, पण झीज काही गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. ही जागा कशी बदलत गेली ते आपण पाहू.

घर्षणाच्या भरवशावर

ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. रोमन काळातील असे चाकू तर युरोपात अनेक ठिकाणी मिळाले आहेत. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक रोमन अवजार आहे. चांदीच्या एकाच मुठीत चमचा, काटा, टोचा आणि लोखंडी पाते घडी करून बसवले आहे.

या जुन्या चाकूंमध्ये पाते उघडे राहते ते केवळ घर्षणामुळे. मुठीच्या दोन बाजू पात्याला चिमटीत धरतात, एवढेच. इथेच पहिला पेच आहे. चिमटा घट्ट केला तर पाते उघडायला जड जाते, आणि सैल ठेवला तर काम करताना ते मिटते. शिवाय पाते जितके उघडावे-मिटावे तितकी खीळ आणि तिच्याभोवतीचे भोक झिजते. चिमटा आपोआप ढिला होत जातो. त्यावर उपाय एकच: खिळीचे डोके हातोडीने ठोकून पुन्हा घट्ट करायचे.

ही जुनी पद्धत आजही जिवंत आहे. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा चाकू बनवला. त्यात स्प्रिंग नव्हती. लाकूड दमट हवेत फुगते, आणि मग खाचेतले पाते इतके घट्ट बसते की नखाने ओढून निघत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी यावर एक युक्ती काढली. मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटायचे. मूठ थांबते, पाते मात्र जडत्वामुळे पुढे जाऊ पाहते आणि खाचेतून थोडे बाहेर डोकावते. मग ते चिमटीत धरून ओढायचे. न्यूटनचा पहिला नियम शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडायचे नाही. या युक्तीने नख वाचले, पण मार मुठीच्या टोकाला बसू लागला. पाते उघडे राहण्याची खात्री मात्र १९५५ मध्येच मिळाली. मुठीच्या गळ्याशी फिरणारे धातूचे कडे त्या वर्षी बसवण्यात आले.

कमान आली

मधल्या काळात इंग्लंडमध्ये वेगळाच विचार झाला होता. शेफील्ड हे चाकू-कात्र्यांचे गाव. तिथल्या कारागिरांची संघटना १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कारागिरांच्या चाकूंमध्ये मुठीच्या पाठीशी पोलादाची एक लवचीक पट्टी, म्हणजे कमान, दिसू लागते. पात्याच्या मुळाकडचा जाड भाग चौकोनी घडवलेला असतो. त्याला आपण ‘बूड’ म्हणू. बुडाची सपाट बाजू कमानीखाली आली की पाते तिथे स्थिर राहते. फिरवू लागलो की बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो आणि तो ओलांडला की पाते ‘टक्’ करून जागेवर बसते.

आता पाते चिमट्याच्या भरवशावर राहिले नाही. पण कमानीचा जोर मोडून ते उघडायचे तर बोटांची पकड पुरेना. म्हणून पात्याच्या कुशीत नखासाठी एक चंद्रकोरी खाच कोरावी लागली. आणि झीज? ती खिळीवरून बुडाच्या कोपऱ्यावर आणि कमानीच्या टोकावर आली. कोपरे गोल झाले की ‘टक्’ हा आवाज मंदावतो आणि पाते अर्धवट जागी रेंगाळू लागते.

म्हणजे चाकूचे आयुष्य आता कमानीच्या पोलादावर अवलंबून राहिले. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. घड्याळाच्या कमानींना चांगले, एकजिनसी पोलाद मिळत नाही म्हणून तो प्रयोग करू लागला. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ त्याने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. गंमत अशी, की शेफील्डच्या चाकूवाल्यांनी हे पोलाद प्रथम नाकारले, कारण ते घडवायला फार कठीण होते. हंट्समनचे पोलाद फ्रान्समध्ये विकले जाऊ लागले, तिथले चाकू इंग्लंडमध्ये येऊ लागले, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले.

कमानीच्या चाकूत एक वाईट सवयही शिरली. मिटताना पाते अर्ध्यावर सोडून द्यायचे आणि ते ‘खटकन्’ आत जाऊ द्यायचे. असे केल्याने धारेचा एक बिंदू कमानीच्या आतल्या बाजूवर आपटतो. नीट पाहिले तर धारेवर नेमक्या त्याच जागी चपटा ठिपका दिसतो. पाते वारंवार पाजवून अरुंद झाले की ही आपट उलट कमी होऊ शकते. आणि मुख्य धोका राहिलाच. कमान पात्याला धरून ठेवते, पण अडकवून ठेवत नाही. जोर उलटा लागला तर पाते बोटावर मिटते.

झिजेचा नियम इतक्या उशिरा का?

घर्षणाचा अभ्यास खूप जुना आहे. लिओनार्दो द विंचीच्या वह्यांत त्याचे प्रयोग आहेत. गियोम आमोंताँ याने १६९९ मध्ये आणि कुलोम याने १७८५ मध्ये घर्षणाचे नियम मांडले. तेच आपण शाळेत शिकवतो. पण झिजेचे काय? घर्षण लगेच मोजता येते. झीज मोजायला महिने लागतात, आणि जे निघून जाते ते धुळीइतके बारीक असते. त्यामुळे कारागिरांना ती ठाऊक होती, तरी शास्त्रज्ञांच्या सूत्रात ती बसत नव्हती.

१९५० मध्ये बाउडन आणि टेबर यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात केवळ काही उंचवट्यांवर टेकलेले असतात. या चित्राच्या आधारे जॉन आर्चर्ड याने १९५३ मध्ये एक सोपा नियम मांडला. झिजून गेलेल्या पदार्थाचे घनफळ हे भार आणि घासण्याचे एकूण अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि झिजणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या या शास्त्राला इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले तेही १९६६ मध्ये.

हा नियम चाकूला लावून पाहू. खिळीचा व्यास ३ मि.मी. धरा. पाते एकदा उघडून मिटले की खिळीच्या पृष्ठभागावर ते एका पूर्ण परिघाइतके, म्हणजे सुमारे ९.४ मि.मी. घासते. दिवसातून १० वेळा चाकू वापरला तर वर्षाला हे अंतर सुमारे ३४ मीटर भरते. पण हाताला चाळा म्हणून कोणी तो दिवसाला ५०० वेळा उघड-मीट करू लागला, तर ते १.७ किलोमीटरच्या वर जाते! चाकूने कापले काहीच नाही, पण ५० वर्षांची झीज एका वर्षात झाली.

या झिजेचे परिणाम तरफेमुळे फुगून दिसतात. बुडाशी १० मि.मी. रुंदीत केवळ ०.०५ मि.मी. फट पडली, तर ७५ मि.मी. लांबीच्या पात्याचे टोक ०.३७ मि.मी. हलते. डोळ्यांना न दिसणारी झीज बोटांना लगेच जाणवते.

एका हाताने

विसाव्या शतकात मागणी आली ती एका हाताने उघडणाऱ्या चाकूची. दोरावर लोंबकळणाऱ्या किंवा खांबावर चढलेल्या माणसाचा दुसरा हात मोकळा नसतो. बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारे चाकू होते, पण गुन्हेगारीच्या भीतीने अमेरिकेने १९५८ मध्ये आणि ब्रिटनने १९५९ मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंधने आणली. १९८१ मध्ये अमेरिकेतील स्पायडर्को या कंपनीने पात्यालाच एक गोल भोक पाडले. अंगठ्याचे पेर त्यात रुतते आणि पाते अंगठ्याच्या बळावर फिरते. स्प्रिंग नाही, बटण नाही.

अंगठ्याने उघडायचे तर पाते हलके फिरले पाहिजे, म्हणून खिळीजवळ फॉस्फर ब्राँझचे वॉशर आले. हलके फिरणारे पाते उघडे राहावे म्हणून त्याला खटका हवा. पाठीमागचा खटका १९६४ च्या बक चाकूने लोकप्रिय केलाच होता. १९८० च्या दशकात मायकेल वॉकर याने मुठीच्या आतल्या अस्तरपट्टीलाच खटका बनवले. पाते उघडले की ही पट्टी सरकून बुडाच्या मागे उभी राहते. पट्टीवरची एक बारीक गोळी मिटलेले पातेही धरून ठेवते. पाठीच्या कमानीची गरजच संपली.

पण हलके पाते हाती आले की माणूस ते झटक्याने उघडू लागतो. येथे घासण्याऐवजी आपटण्याचा प्रश्न येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सावकाश एका सेकंदात उघडणारे पाते एक दशांश सेकंदात उघडले, तर शेवटी थांबताना शंभरपट ऊर्जा जिरवावी लागते. ती जिरते खिळीपासून अवघ्या काही मिलिमीटरवर असलेल्या एका बारीक अडणीवर आणि खटक्याच्या तोंडावर. झीज पुन्हा सरकली, आणि या वेळी नेमक्या त्या भागावर आली ज्याच्या भरवशावर बोटे असतात.

यावरचा उपाय मोठा शहाणपणाचा आहे. बुडाचा मागचा पृष्ठभाग किंचित तिरपा ठेवतात. खटक्याची पट्टी झिजली तर ती पाचरीसारखी थोडी पुढे सरकते आणि फट पुन्हा भरून काढते. म्हणजे झीज गृहीत धरून तिच्यासाठी जागाच राखून ठेवली आहे. पट्टी किती पुढे सरकली ते डोळ्यांनी दिसते. ती पलीकडच्या भिंतीला टेकली की शिल्लक संपली आणि चाकू दुरुस्तीला द्यायची वेळ आली. टायटॅनियमची पट्टी मात्र पोलादाला चिकटून ओरबाडली जाते. म्हणून काही कारागीर तिच्या तोंडाशी कठीण पोलादाचा तुकडा बसवतात, आणि तो बदलताही येतो.

झीज वाचू या

झीज म्हणजे केवळ नुकसान नव्हे, ती नोंदही असते. रशियन पुरातत्त्वज्ञ सेर्गेई सेम्योनोव्ह यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की दगडी हत्यारांवरचे ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती लाकडावर चालली की कातड्यावर हे सांगता येते. जुना चाकूही तसाच वाचता येतो. धारेवरचा ठिपका खटकन् मिटण्याची सवय सांगतो, आणि बुडाचे गोल कोपरे अनेक वर्षांचा वापर सांगतात.

वर्गात यासाठी चाकू आणण्याची मुळीच गरज नाही. मुलांच्या कंपासपेट्यांतले कर्कटक गोळा करा. कुणाचे पाय घट्ट आहेत, कुणाचे लटपटतात, हे क्रमाने लावायला सांगा. खीळ ०.१ मि.मी. ढिली झाली तर पेन्सिलीचे टोक किती हलेल, याचे गणित करू द्या. जुनी कात्री आणि नेलकटर भिंगाखाली ठेवा आणि विचारा: हे कुठे झिजले, आणि नेमके तिथेच का? मग पुढचा प्रश्न मुलेच विचारतील: झीज टाळता येत नसेल, तर ती अशा जागी कशी न्यावी जिथे ती दिसेल, दुरुस्त करता येईल आणि कुणाचे बोट कापणार नाही? कारागिरांची अडीच हजार वर्षे याच प्रश्नावर खर्च झाली आहेत.