धार, छाप आणि जकात

रत्नदुर्गाच्या पायथ्याशीं असलेल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर परवां एका वृद्ध तांडेलाशीं आमचा वाद झाला. निमित्त होतें खिशांतल्या चाकूचें. आमचा चाकू अमेरिकेंतील पुतण्यानें धाडलेला, हाडाच्या मुठीचा, तेथील केस ह्या जुन्या कारखान्याचा. तांडेलाचा बाजारांत स्वस्तांत मिळालेला, चिनी बनावटीचा. आमच्या एकाच्या किंमतींत त्याचे दहा सहज आले असते. आम्ही कारागिरीचें व परंपरेचें माहात्म्य वर्णूं लागलों, तेव्हां त्यानें आपल्या चाकूनें जाळ्याचा दोर एका झटक्यांत कापला आणि म्हटलें, "साहेब, माझा पाण्यांत पडला तर मी दुसरा घेईन. तुमचा पडला तर तुम्हीच उडी घ्याल!"

ह्या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों हें कबूल केलें पाहिजे. परंतु घरीं आल्यावर मनांत प्रश्न उभा राहिला कीं, ज्या परंपरेची आम्हीं एवढी थोरवी गायिली ती मुळांत आली कोठून?

शाळेंत बोरू तासण्याच्या दिवसांत उत्तम चाकू म्हणजे इंग्लंडांतील शेफील्डचा, अशी आपल्याकडे समजूत होती, व ती निराधार नव्हती. तेथील चाकू-कात्र्या करणाऱ्यांचा संघ १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील झोलिंगेनचा स्वस्त माल त्याच्याशीं स्पर्धा करूं लागला. कित्येकदां त्यावर शेफील्डची खोटी छापहि असे. म्हणून १८८७ सालीं इंग्लंडनें अशा परक्या मालावर मूळ देशाचें नांव घालण्याची सक्ती केली, आणि १८८९ सालीं हिंदुस्थानांतहि त्याच धर्तीचा कायदा झाला. हेतु हा कीं, 'जर्मनींत तयार झालेला' हे शब्द वाचून गिऱ्हाइकानें नाक मुरडावें. झालें उलटेंच! पुढें ते शब्दच प्रतिष्ठेचे ठरले, आणि १९३८ सालीं खुद्द जर्मनीला झोलिंगेनच्या नांवाचा दुरुपयोग होऊं नये म्हणून कायदा करावा लागला.

अमेरिकेची कथा याहून बोधप्रद आहे. त्या देशाचे खिसेहि एके काळीं शेफील्डनेंच भरले होते. १८९० सालीं मॅकिन्ले यांच्या पुढाकारानें झालेल्या कायद्यानें परदेशी मालावर, व त्यांत चाकूंवरहि, जबर जकात बसली. शेफील्डचा तेथील व्यापार खालावला आणि ह्या भिंतीच्या आडोशाला देशी कारखाने वाढले. केस बंधूंनीं १८८९ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत आपले चाकू विकण्यास आरंभ केला होता. श्रेड यांचा कारखाना १९०४ सालचा. म्हणजे आज जिला आपण जुनी अमेरिकन परंपरा म्हणतों, तिला बाळसें धरण्यापुरती सवड जकातीनें मिळवून दिली. पुढें परदेशी माल पुन्हां स्वस्तांत येऊं लागला. श्रेडचा कारखाना २००४ सालीं बंद पडला. नांव विकलें गेलें आणि त्या नांवाचे चाकू चीनमध्यें होऊं लागले. छाप उरली, हात गेले.

येथें आम्हांस आपल्या स्वदेशीची आठवण होते. ज्यांचा जन्म १८५६ सालीं ह्याच रत्नागिरींत झाला, त्या लोकमान्य टिळकांनीं १९०५ सालच्या वंगभंगानंतर महाराष्ट्रांत स्वदेशीचा हिरिरीनें पुरस्कार केला. प्रसंगीं महाग व ओबडधोबड असली तरी देशी वस्तु घ्या, हा त्या व्रताचा आशय. ह्याला भाबडेपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु अमेरिकेला स्वतःचें राज्य होतें. ती कायद्यानें जकात बसवूं शकली. परतंत्र देशाच्या हातीं कायदा नव्हता. तेव्हां गिऱ्हाइकानें स्वखुषीनें आपल्यावरच बसवून घेतलेली जकात म्हणजे स्वदेशी, असें आम्हांस वाटतें. दोहोंचा उद्देश एकच : हात तयार होईपर्यंत त्यांना काम मिळावें.

मग आमच्या तांडेलानें महाग चाकू घ्यावा काय? मुळींच नाहीं. आजचा स्वस्त चाकू सरसकट टाकाऊ नसतो, आणि जी वस्तु केव्हां तरी समुद्रार्पण व्हावयाची ती स्वस्त असणेंच शहाणपणाचें. कौशल्य जगविण्याचा भार ज्यांना परवडतो त्यांनीं उचलावा. तो खलाशावर टाकणें हा अन्याय होय. मात्र वस्तूचें मोल करतांना एवढें पाहावें कीं, धार गेल्यावर ती दुरुस्त करणारा माणूस आपल्या गांवांत उरला आहे काय.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व त्याला ऐकविण्यास आम्ही पुन्हां बंदरावर गेलों. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. घरचा कोयता कोणी घडविला, असें आम्हीं विचारतां तो म्हणाला, "लोहारानें, माझ्या बापाच्या वेळीं. पावसांत होड्या वर ओढल्या कीं भट्टींत घालून नवें पाणी देऊन आणायचों. आतां लोहार थकला, आणि मुलानें भाता सोडला."

ह्या वेळीं तो हंसला नाहीं; आणि खिशांतला चाकू बाहेर काढण्याचें आम्हांसहि धैर्य झालें नाहीं.