चालू पेट्रोल डेपोत वेल्डिंग कसं करतात? टाकी दुरुस्तीमागचं सगळं गणित समजून घ्या

नागपूरहून हैदराबादच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की वाटेत यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा लागतं. या रस्त्यावर ट्रकची रांग रात्रीसुद्धा थांबत नाही. त्यामुळे इथले पेट्रोल पंप आणि त्यांना इंधन पुरवणारे डेपो बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. त्यात पेरणीचे दिवस असतील तर डिझेलची मागणी आणखी वाढते.

पण लोखंडी टाकी गंजते, व्हॉल्व्ह गळतो, पाइप झिजतो. दुरुस्ती करावीच लागते. मग एका टाकीतून पेट्रोल विकलं जात असताना शेजारच्या टाकीवर काम कसं करतात?

आधी एक गैरसमज दूर करूया

बहुतेकांना वाटतं, भरलेली टाकी धोक्याची आणि रिकामी टाकी सुरक्षित. प्रत्यक्षात अनेकदा उलटं असतं. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच कमी असते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र तळाला गाळ राहतो, भिंतींना थर राहतो आणि त्यातून वाफ निघत राहते.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत नाल्यात, खड्ड्यात, केबलच्या चरात जाऊन बसते. म्हणून काम टाकीपाशी असलं तरी धोका बऱ्याच लांबवर असू शकतो.

कामाचा क्रम कसा असतो?

पहिली पायरी कागदावरची. कोणती टाकी बंद करायची, तिचा माल कुठे हलवायचा, तोवर पुरवठा कसा भागवायचा, टँकरच्या वेळा कशा बदलायच्या, हे आधी ठरतं. हंगाम बघून तारीख धरतात.

दुसरी पायरी, टाकी खऱ्या अर्थाने वेगळी करणं. इथे नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण व्हॉल्व्ह आतून थोडा गळू शकतो. म्हणून पाइपच्या जोडात लोखंडी ब्लाइंड प्लेट बसवतात किंवा पाइपचा तुकडाच काढून ठेवतात. पंपाची वीज तोडून स्विचला कुलूप लावतात आणि वर पाटी टांगतात.

तिसरी पायरी, टाकी वायुमुक्त करणं. उरलेलं इंधन काढायचं, मॅनहोल उघडायचे, हवा खेळवायची, गाळ उपसायचा. हा गाळ ढवळला की अडकलेली वाफ पुन्हा बाहेर पडते. म्हणूनच सकाळी घेतलेली गॅसची नोंद दुपारी चालत नाही.

चौथी पायरी, मोजणी. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत माणूस पाठवायचा नाही. ज्वालाग्राही वाफ मोजणाऱ्या यंत्राचा आकडा नीट समजून घ्यायला हवा. यंत्रावर १०० दिसलं म्हणजे हवेत १०० टक्के वाफ नव्हे. वाफ पेट घेण्याच्या किमान पातळीला, म्हणजे सुमारे १.४ टक्क्याला, पोहोचली असा त्याचा अर्थ. वेल्डिंगसाठी हा आकडा शून्यावर आणायचा प्रयत्न असतो.

यानंतर प्रत्यक्ष दुरुस्ती. शेवटी टाकीत पाणी भरून गळती तपासतात, टाकीची मापं पुन्हा घेतात आणि मगच इंधन सोडतात.

‘वर्क परमिट’ म्हणजे नेमकं काय?

हा फक्त सहीचा कागद नाही. कोणतं काम, कोणत्या जागी, किती वाजेपर्यंत, कोणत्या अटींवर, आणि गॅस कुणी कधी मोजला, हे सगळं त्यात असतं. ठिणगी उडू शकेल असं काम, टाकीच्या आत शिरण्याचं काम आणि उंचीवरचं काम यांसाठी वेगळ्या अटी लागतात. वेळ संपली की परवानगीही संपते. तेल उद्योगासाठी याचं मानक ओआयएसडी-१०५ या नावाने आहे.

आपल्याकडे पेट्रोलियम कायदा १९३४ चा आणि सध्याचे नियम २००२ चे आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम ३६ आणि ३७ ने मूळ तत्त्वं घालून दिली. टाकीत शिरण्याआधी जाणकाराचा लेखी दाखला हवा. ज्वालाग्राही पदार्थ काढल्याशिवाय टाकीवर वेल्डिंग करायचं नाही. आत नेण्याचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको.

नियम असूनही अपघात का होतात?

२९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुरा भागात इंडियन ऑईलच्या डेपोत स्फोट झाला. ११ जणांचा जीव गेला. तिथे दुरुस्ती नव्हे, शेजारच्या डेपोला पेट्रोल देण्याची नेहमीची तयारी सुरू होती. व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याचा क्रम चुकला आणि उघड्या राहिलेल्या जोडातून सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिलं. एम. बी. लाल समितीच्या चौकशीत पुढे आलं की, नियंत्रण कक्षातून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय चालू नव्हती. म्हणजे रेंगाळलेली दुरुस्तीही माणसाच्या जिवावर बेतू शकते.

११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड डेपोत टाकी ओसंडून वाहिली आणि मोठा स्फोट झाला. ४३ जण जखमी झाले. टाकीची पातळी दाखवणारं यंत्र आधीचे काही महिने वारंवार अडकत होतं. दर वेळी तात्पुरती दुरुस्ती झाली, पण मुळाशी कुणी गेलं नाही. टाकी भरल्यावर पुरवठा तोडणारा स्विचही निकामी होता, कारण त्याला लावायचं साधं कुलूप बसवलेलं नव्हतं.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला १६७ जण गेले. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही आणि तोच पंप सुरू करण्यात आला.

तिन्ही ठिकाणी तंत्रज्ञान होतं, नियम होते. कुठे क्रम चुकला, कुठे नोंद राहिली, कुठे निरोप पोहोचला नाही.

सगळ्यात जास्त धोका कुणाला?

गाळ उपसायला टाकीत उतरणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचा मजूर असतो. त्याला परमिटवरची भाषा वाचता येतेच असं नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी त्याच्या भाषेत सगळं समजावणं, बाहेर सतत एक माणूस उभा ठेवणं आणि कमरेला दोर बांधणं या गोष्टी टाळता येत नाहीत. आत कुणी बेशुद्ध पडलं तर घाईने मागे उडी मारायची नाही. अशा वेळी वाचवायला गेलेलेच दगावतात.

तुमच्या-आमच्या हातात काय आहे?

पंपावर गाडी घेऊन गेलात आणि इंधनाच्या टाकीजवळ किंवा नोझलजवळ वेल्डिंग, कटिंग चालू दिसलं, पण विक्री थांबलेली नसेल, तर तिथे इंधन भरू नका. व्यवस्थापकाला विचारा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर लांब जा, गाडी सुरू करू नका आणि ११२ वर फोन करा. दुरुस्तीसाठी पंप दोन दिवस बंद असेल तर गैरसोय होतेच. पण आतल्या मजुराच्या जिवासाठी ते दोन दिवस लागतात.