वरळी टेकडी

वरळी टेकडी : (मुंबई). मुंबई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतची, साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली बेसाल्टी टेकडी. १९° उ. व ७२° ४९′ पू. वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. महालक्ष्मी व वरळी यांमधून आत शिरणारे भरतीचे पाणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने अडवले गेले. उत्तर टोकास कोळीवाडा व किल्ला आहे. टेकडीवर महानगरपालिकेचा जलाशय असून पायथ्याकडील सपाटीत बीडीडी चाळी आहेत.

भूरचना : बेटावर खडकांच्या दोन रांगा आहेत. पश्चिमेस मलबार हिल ते वरळी आणि पूर्वेस अँटॉप हिल, शिवडी ते डोंगरी. मधला प्रदेश सखल असून त्याचा मोठा हिस्सा भरावाचा आहे. देशावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. मुंबईत मात्र ते समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे, कललेले आहेत. पनवेल परिसरातून किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भूकवचाच्या वाकामुळे हा कल आला. येथील लाव्हे दख्खनच्या मुख्य उद्रेकांनंतरचे, पुरानूतन (पॅलिओसीन) काळाच्या आरंभीचे मानले जातात.

आंतरट्रॅपी थर व जीवाश्म : वरळीचे खरे महत्त्व लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांत आहे. दोन उद्रेकांमधल्या शांततेत येथे गोड्या पाण्याची उथळ तळी साचली. तळाशी बसलेल्या चिखलाचा पुढे करडा-काळा शेल झाला आणि नंतरच्या लाव्ह्याने तो झाकला. हा शेल पाटीसारखा पापुद्र्यांनी सुटतो. पापुद्रा उलगडला की कधी बोटाच्या पेराएवढा बेडूक समोर येतो : रुंद डोके, आखूड कणा, दुमडलेले मागचे पाय, करड्या दगडावर काळसर हाडे. डायनोसॉर हा शब्द रूढ करणारे रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात या बेडकाचे ‘राना पुसिला’ या नावाने वर्णन केले. हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये बेटाच्या भूविज्ञानावर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. या थरांतील गोड्या पाण्याच्या कासवाचे नामकरणही त्यांनी केले. १८६६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांचा बेटावरील अहवाल आला. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी बेडकासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापली व त्याचे नाते ऑस्ट्रेलियातील बेडकांशी जोडले. गोंडवन भूखंडाच्या दृष्टीने हे मत मोलाचे ठरले, पण त्यावरील वाद मिटलेला नाही. १९४० मध्ये जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी वरळीहूनच आणखी एका जातीचे वर्णन केले. सायप्रिस या शिंपल्यासारख्या कवचाच्या सूक्ष्म प्राण्याचे आणि वनस्पतींचे अवशेषही या थरांत मिळाले आहेत.

बेटाच्या पूर्व बाजूस, प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात १८७८ मध्ये चिखलाखाली गाडलेले खैराचे जंगल सापडले. अनेक बुंधे जागच्या जागी उभे होते. हा पुरावा वरळीच्या थरांहून कितीतरी अलीकडचा; जमीन व समुद्र यांची पातळी बदलल्याचा.

आर्थिक : धातुखनिजे नाहीत.

दळणवळण : वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये, किनारी रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये आणि भुयारी मेट्रोचे आचार्य अत्रे चौक स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाले.

सद्यःस्थिती : टेकडीचा बहुतेक भाग इमारतींनी व्यापला आहे आणि जीवाश्मांचे थर पायाखाली गेले आहेत. आता ते दिसतील ते नव्या इमारतींच्या पायासाठी होणाऱ्या खोदकामातच, तेही काही दिवसांपुरते. वरळीत पाया खणताना पापुद्र्यांनी सुटणारा करडा शेल लागला, तर तो डंपरमध्ये भरण्यापूर्वी भूवैज्ञानिकास दाखवणे अगत्याचे आहे.