कोलंबोची टुकटुक सफर

श्रीलंकेतील कोलंबो शहर तीनचाकी रिक्षातून, चालकालाच वाटाड्या करून पाहण्याचा प्रकार. तिथल्या बहुतेक रिक्षा पुण्याच्या बजाज कंपनीच्या असल्याने मराठी प्रवाशाला इंजिनाचा आवाजही ओळखीचा वाटतो. सफरीचा खरा जीव पेट्टा या बाजारभागात आहे. हे नाव तमिळ ‘पेट्टै’वरून आलेले, म्हणजे आपल्या ‘पेठे’चेच भावंड, सिंहली नाव पिटकोटुव, अर्थात कोटाबाहेरचा भाग. हातगाड्या, हमाल आणि कापडाचे गठ्ठे यांच्यामधून मोटार जेमतेम सरकते, रिक्षा मात्र वाट काढते. इथेच १९०९ साली पूर्ण झालेली जामी-उल-अल्फार मशीद आहे. लाल-पांढऱ्या विटांचे तिचे पट्टे आणि डाळिंबासारखे घुमट पाहायला खाली उतरलेच पाहिजे. पुढे वुल्फेन्डालचे डच चर्च, गंगारामय विहार आणि बैरा तलावातील, वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी रचलेले ‘सीमा मालक’ हे बौद्ध ध्यानमंदिर लागते. संध्याकाळी गॉल फेसच्या समुद्रकाठी कोळंबी लावलेला डाळीचा ‘इस्सो वडे’ गरम खावा. मीटर नसल्यास भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. विहारात व मशिदीत खांदे-गुडघे झाकलेले असावे लागतात आणि चपला बाहेर काढाव्या लागतात.